लाल्याची पांढरी मच्छरदाणी

२ मार्च

ठिणगीस बापाचे आशीर्वाद, रागासकट.

फोनवर तू 'हं' म्हणतेस, 'बरं' म्हणतेस आणि बाळ रडतंय म्हणून ठेवून देतेस. बाळ रडत नसतं, मला ऐकू येतं. म्हणून हे पत्र. पत्र अर्ध्यात ठेवलंस तरी पुढे काय लिहिलंय याची चुटपुट तुला लागणार. शेवटी माझीच मुलगी आहेस.

जावईबापूंनी तुझी अट सांगितली. बिचारा असा चाचरत होता की जणू अट त्यानेच घातली होती. पावसाळा संपला की आरोग्य केंद्राच्या पळीबाईंनी आपल्या गल्लीतल्या एकूण एक घरच्या पाण्यात पळी बुडवायची. कुठेही डासाची अळी निघाली नाही, तर तू नातीला घेऊन येणार. एक जरी निघाली, तर आम्ही तिला फोटोतच बघायचं. काय पण अट! राजकन्येचं स्वयंवर तरी सोपं असेल.

मागच्या वर्षी तू बाळंतपणाला आलीस आणि पंधरवड्यात तापाने फणफणलीस. मलेरिया. सगळी पांघरुणं घातली तरी तुझे दात वाजत होते. तू वाचलीस, पोटातलं बाळ वाचलं, तेव्हा दवाखान्यात मी म्हणालो, "आपल्या गल्लीत डास काय आजचे आहेत? आम्ही सगळे तापातूनच मोठे झालो." तू भिंतीकडे तोंड केलंस आणि बरी झाल्यावर पहिल्या गाडीने नवऱ्याकडे गेलीस. मी बोललो ते बोललो. पण बघता बघता नात चालायला लागेल, आणि ती मला ओळखतही नाही. हे मला सहन होत नाही, एवढंच सांगतो. अट मान्य.

आता पळीबाईंचं ऐक. आरोग्य केंद्रातून त्या परवा आल्या, हातात ती लांब दांड्याची पांढरी पळी. मी त्यांना ऐटीत सांगितलं, "बाई, ही रंगाऱ्यांची गल्ली. आमच्या गटारातून रंगाचं पाणी वाहतं, त्यात डासच काय, बेडूकसुद्धा टिकत नाही. डास येतात ते त्या समोरच्या, निळं रंगवणाऱ्या निळ्याकडून." त्यांनी पळी आपल्याच साठवणीच्या हौदात बुडवली. तोच हौद, ज्याचा तळ दिसतो म्हणून मी आल्यागेल्याला दाखवतो. पळीत केसाएवढ्या अळ्या, पाण्यावर आडव्या पडून मजेत होत्या.

"काका, मलेरियाचा डास घाणीत राहत नाही हो," पळीबाई म्हणाल्या. "त्याला तुमच्यासारखी टापटीप माणसं आवडतात."

समोर निळ्या दारातच उभा होता. इतका हसला की त्याला ठसका लागला. मग पळीबाई त्याच्या हौदाकडे वळल्या आणि ठसका थांबला.

तुझा बाप


१९ मार्च

ठिणगी,

उत्तर नाही. हरकत नाही, मी लिहिणार.

काल सगळ्या गल्लीने मिळून गटार उपसलं. आमच्या कापडांचे धागे आणि चिंध्या साचून त्याला बूच बसलं होतं. त्यामुळे सार्वजनिक नळाचं सांडलेलं पाणी पुढे जायचंच नाही, नळाखाली डबकं होऊन राहायचं, आणि त्या डबक्यात डासांची बालवाडी भरलेली. बूच काढलं तसं पाणी असं धावलं की शेजारच्या, कापडं वाळवणाऱ्या मावशींनी टाळ्या वाजवल्या. आत काय काय निघालं सांगू? एक चप्पल, कुणाची तरी कवळी आणि तुझ्या आईची ती पितळी झारी, जी मी विकली असा तिचा आजवर आरोप होता. माझी निर्दोष सुटका झाली. नळाखाली खड्डा करून विटांचे तुकडे आणि दगड भरले, आता सांडलेलं पाणी तिथेच जिरतं.

भांडण लागलं ते कोरड्या दिवसावरून. पळीबाईंचं म्हणणं, अंड्याचा डास व्हायला आठवडाभर लागतो. म्हणून आठवड्यातून एकदा पिंपं, घंगाळी, बादल्या सगळं उपडं करायचं, घासायचं आणि कोरडं ठेवायचं. पण सगळ्यांनी एकाच दिवशी. मी कोरडं केलं आणि निळ्याने भरून ठेवलं, तर डास फक्त रस्ता ओलांडतो. मी म्हटलं सोमवार. निळ्या म्हणाला गुरुवार, कारण सोमवारी त्याची नीळ पिंपात मुरते. मी म्हटलं, तुझी नीळ मुरते की तू? झालं. आता मी सोमवारी कोरडा आणि तो गुरुवारी. आमच्या वडिलांपासून लाल आणि निळ्याचं कधी जमलंय?

बाकी सगळं उत्तम. आरोग्य केंद्राने औषध लावलेल्या मच्छरदाण्या वाटल्या. आपली फार छान आहे. सध्या वाळत आहे.

तुझा बाप


६ एप्रिल

ठिणगी,

तुझं एका ओळीचं कार्ड आलं. एवढ्या दिवसांनी आलं आणि त्यात काय, तर "मच्छरदाणी वाळत का आहे?"

तुझी आई म्हणते, खरं लिहा, नाहीतर मी लिहिते. तिच्यापेक्षा मी लिहिलेलं बरं.

मच्छरदाणी पांढरी होती गं. अगदी पांढरी, दवाखान्यासारखी. माझी नात त्याखाली झोपणार, आणि लाल्या रंगाऱ्याच्या घरात तिने पांढऱ्या कापडाखाली झोपायचं? लोक काय म्हणतील? मी मोठं पातेलं चढवलं, माझा ठेवणीतला लाल घातला, आणि मच्छरदाणी चांगली उकळली. एकदा काढून बघितली, गुलाबीसुद्धा नाही. पुन्हा उकळली. तो धागा म्हणे प्लास्टिकच्या जातीचा, आपला रंग त्याला धरतच नाही. शेवटी जे निघालं त्याचा रंग कसा होता ते मी लिहिणार नाही. तुझी आई म्हणाली, "अहो, ही तर धुतलेली पोटदुखी दिसतेय."

पळीबाई आल्या. त्यांनी दोरीवर ती बघितली आणि खालीच बसल्या. "काका, उकळलीत? अहो, धाग्यात डास मारायचं औषध होतं!"

रंग काही चढला नाही, औषध मात्र उतरलं. यालाच हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्या हसत होत्या, तुझी आई हसत होती, समोरून निळ्या हसत होता. मग मीही हसलो, दुसरं काय करणार? दुसरी मच्छरदाणी मागायला मी स्वतः केंद्रात गेलो आणि तिथे सगळ्यांना कहाणी आधीच ठाऊक होती. नवीन दिली, पण माझ्याकडून वदवून घेतलं: उकळायची नाही, रंगवायची नाही, सारखी धुवायचीही नाही, धुतल्याने औषध जातं. ती आता पेटीत घडी करून ठेवली आहे. पेटीची किल्ली तुझ्या आईने पदराला बांधली आहे. माझ्यावर एवढा विश्वास!

चांगली बातमी आता. पळीबाईंनी गल्लीतल्या सगळ्या हौदांत सोडायला गप्पी मासे दिले. बोटाच्या पेराएवढे असतील, पण अळ्या मटकावतात. हौद उपसायची गरज नाही, मासेच पहारा देतात. सकाळी मी चहा घेऊन हौदाच्या कठड्यावर बसतो आणि त्यांची कामगिरी बघतो. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये म्हणतात, डासांना हे कुणी सांगितलेलं दिसत नाही.

तुझा बाप


२१ जून

ठिणगी,

थोडकंच लिहितो. कापड पिळताना हात दुखावला, म्हणून अक्षर असं वाकडं आलंय. बाकी सगळं मजेत. पाऊस चांगला आहे. गल्ली स्वच्छ आहे. मासे जोरात आहेत. नात काय म्हणते? दात किती आले?

बाबा

(ताजा कलम, आईकडून. ह्यांच्या हाताला काही झालेलं नाही. ह्यांना मलेरिया झाला आहे. पळीबाईंनी बोटातून रक्त घेऊन तपासलं, गोळ्या चालू आहेत, डॉक्टर म्हणतात घाबरायचं कारण नाही. थंडी वाजते तेव्हा खाटसुद्धा हलते. काल तुझं नाव घेऊन म्हणाले, "पोरीला असंच होत होतं का गं?" मी हो म्हटलं. मग भिंतीकडे तोंड करून पडले. हे मी लिहिलंय ते त्यांना सांगू नकोस.)


१० जुलै

ठिणगी,

पत्र पेटीत टाकायला तुझ्या आईकडे दिलं हीच चूक झाली.

तुझा फोन आला तेव्हा तू रडलीस. मग मला रागावलीस. आवाज थेट पहिल्यासारखा चढला होता, मला अर्धं बरं त्यानेच वाटलं. उरलेलं अर्धं गोळ्यांनी. बरं वाटायला लागल्यावर मी गोळ्या बंद करणार होतो, पण पळीबाईंनी दम भरला की सगळ्या संपवायच्या, नाहीतर ताप दडून बसतो आणि पुन्हा उठतो. सगळ्या संपवल्या. आता मी ठणठणीत आहे, फक्त विजार ढगळ होते.

आणि तुला सांगायचं ते हे. त्या थंडीत मला कळलं तू कशातून गेलीस, आणि तुझ्या पोटात तर बाळ होतं. तू अट घातलीस ते बरोबर केलंस. हे मी पुन्हा म्हणणार नाही, तेव्हा हे पत्र जपून ठेव.

आता गंमत ऐक. मी आजारी पडलो तेव्हा प्रश्न आला, की हौदात मासे असताना लाल्याला डास चावला कुठला? पळीबाईंनी आपल्याच हौदात पळी बुडवली. अळ्या! आणि मासे? मासे शेजारून ढेरी सांभाळत जात होते, अळीकडे ढुंकूनही बघत नव्हते.

"काकू," पळीबाई म्हणाल्या, "ह्यांना कुणी खायला घालतं का?"

तुझ्या आईने मान खाली घातली. "अहो, फक्त भाताची चार शितं. सकाळी. दारात आलेल्या जीवाला उपाशी कसं ठेवायचं?"

मी खाटेवरून ओरडलो, "अगं पण सकाळी तर मी पिठाच्या गोळ्या घालतो!"

तेवढ्यात वाळवणाऱ्या मावशी कुंपणापलीकडून म्हणाल्या, की दुपारी त्या बिस्किटाचा चुरा टाकतात. मासे बारीक दिसतात म्हणून.

तू लहानपणी म्हणायचीस ना, की या घरात कुणाला भूक लागूच देत नाहीत? मासेही तेच म्हणत असतील. पळीबाईंनी हौदावर पाटी लावली आहे: 'मासे कामावर आहेत. खायला घालू नये.' आता दोनच दिवसांत हौद चकाचक. मासे माझ्याकडे बघून तोंड उघडतात, मी दुसरीकडे बघतो.

आणखी एक. मी तापात होतो त्या सोमवारी बाहेर खडखडाट ऐकू आला. वाटलं भ्रम झाला. खिडकीतून बघतो तर निळ्या माझ्या अंगणात, धोतराचा काचा मारून माझी पिंपं उपडी करतोय. मग त्याने स्वतःची केली. मग गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ओरडला, "आज सोमवार! सगळ्यांनी कोरडं करा! लाल्या पडलाय, उद्या तुमची पाळी!" शेवटच्या घरापर्यंत पिंपं वाजायला लागली.

संध्याकाळी खिडकीशी येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "निळ्या, तुझी नीळ मुरायची असते ना सोमवारी?"

"मुरेल मंगळवारी," तो म्हणाला. "तू मेलास तर मी भांडू कुणाशी?"

तेव्हापासून सोमवार म्हणजे सोमवार. अख्ख्या गल्लीत पिंपं पालथी, पोरं त्यांच्यावर काठ्यांनी ताल धरतात, आणि त्या दिवशी कुणी कुणाला पाणी मागत नाही. मला हा दिवस इतका आवडायला लागलाय की रविवार कधी सरतो असं होतं.

तुझा बरा झालेला बाप


२८ सप्टेंबर

ठिणगी, ठिणगी, ठिणगी!

आज पळी बुडाली.

पळीबाई सकाळीच आल्या. मी अंघोळ करून, केस विंचरून तयार, तुझ्या लग्नातही इतका तयार नव्हतो. त्या पुढे, मी मागे, माझ्यामागे निळ्या, त्यामागे सगळी गल्ली. वाळवणाऱ्या मावशींचा हौद: काही नाही. शिंप्याचं पिंप: कोरडं. कोपऱ्यावरच्या घराची गच्चीवरची टाकी: झाकण घट्ट. नळाखाली डबकंच नाही. आपला हौद आला तेव्हा मी डोळे मिटून घेतले. तुझ्या आईने कोपराने ढोसलं, "उघडा, काही नाही."

शेवटी राहिला निळ्याचा हौद. बाईंनी पळी बुडवली, वर काढली, उजेडात धरली. आणि पळीत काहीतरी वळवळलं!

मी मनात म्हटलं, संपलं, गेली माझी नात, ती पण ह्या निळ्यापायी. निळ्याचा चेहरा त्याच्या कापडासारखा झाला होता. पळीबाईंनी पळी डोळ्यांजवळ नेली. मग सावकाश म्हणाल्या, "काका, अभिनंदन. माशांना पिल्लं झाली आहेत."

मग काय झालं मला नीट आठवत नाही. निळ्याने मला मिठी मारली हे नक्की, कारण माझा सदरा पाठीवर निळा झाला आहे. कुणीतरी पिंप बडवायला लागलं. पळीबाई पळी उंच धरून मध्ये नाचत होत्या, पिल्लू परत हौदात सोडल्यावर अर्थात.

अट पुरी झाली. आता तू बोल.

बाबा


७ ऑक्टोबर

बाबा,

पळीबाईंनी त्याच दिवशी फोन केला होता. त्या दर महिन्याला करतात. मीच सांगितलं होतं त्यांना. मच्छरदाणी उकळलीत ते मला तुमच्या पत्राआधीच माहीत होतं, मी फक्त तुम्ही कबूल कधी करता ते बघत होते.

तुमची पत्रं मी ह्यांना मोठ्याने वाचून दाखवते. माशांच्या पत्राला तर हे खुर्चीवरून पडले. पण ते एक वाक्य, पुन्हा म्हणणार नाही म्हणालात ते, मी एकटीने वाचलं. पत्र जपून ठेवलं आहे.

पुढच्या महिन्यात आम्ही तिघं येतोय, चांगले पंधरा दिवस. तुमची नात आता धरून धरून चालते आणि हाताला लागेल ते ओढते. आईला सांगा, संध्याकाळ व्हायच्या आत खिडक्यांच्या जाळ्या लावून ठेव. आणि बाबा, मच्छरदाणीला हात लावू नका.

तुमची ठिणगी


२ डिसेंबर

ठिणगी,

तुम्ही गेल्यापासून घर असं शांत झालंय की हौदातले मासे बोलतील असं वाटतं.

तुझी आई दिवसातून चारदा म्हणते, "आत्ता या वेळी ती उठायची." मी म्हणतो, हो. मग दोघं चहा करतो. पंधरा दिवसांत तिला साधी शिंकसुद्धा आली नाही. तू रात्री उठून तिच्या कपाळाला हात लावून बघायचीस, मला दिसायचं. पहिल्या काही रात्री दहादा, शेवटी शेवटी एकदाही नाही. मला त्याहून मोठं बक्षीस कुणी दिलेलं नाही.

सोमवारी तिला कडेवर घेऊन मी गल्लीभर फिरलो. तिने प्रत्येक पालथ्या पिंपावर एकेक चापट मारली. वाळवणाऱ्या मावशी म्हणतात, आता तपासायला पळीबाईंची गरज नाही, हिलाच ठेवा नोकरीवर. आणि तिने सगळ्यात आधी 'आजोबा' म्हणायचं सोडून 'पिं' म्हटलं, त्याचं मला वाईट वाटलेलं नाही. थोडंसं वाटलं.

तू विचारलंस, मच्छरदाणी काढून पेटीत ठेवली का. नाही ठेवली. तुझ्या खोलीत आहे तशीच टांगलेली आहे, पांढरी. या घरात मी आयुष्यभरात न रंगवलेलं हे एकच कापड. येणारे जाणारे विचारतात, लाल्या, हे काय? मी म्हणतो, नातीचं आहे, हात लावायचा नाही.

पण एक गोष्ट तुझ्या लक्षात आली नसेल. जायच्या दिवशी तुम्ही सामान बांधत होतात, तेव्हा निळ्या तिला रस्त्यापलीकडे आपल्या अंगणात घेऊन गेला होता. त्याचं ओलं कापड तिने दोन्ही हातांनी ओढलं, तिथून त्याने उचलून आणून दिली, आणि मी तिला खाली ठेवताच ती मच्छरदाणी धरून उभी राहिली. तुम्ही गेल्यावर मला दिसलं. खालच्या काठाला, माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर, एक छोटासा पंजा उमटलाय. पाचही बोटं स्पष्ट. आणि निळा!

जन्मभर मी लाल रंगवला आणि माझ्या नातीने उठवला तो त्या समोरच्याचा रंग. निळ्याला बोलावून दाखवलं. मला वाटलं मिरवेल. तो वाकून बघत राहिला, मग डोळे पुसत म्हणाला, "लाल्या, या धाग्याला रंग धरत नाही म्हणाला होतास ना?"

धरलाय की नुसता लागलाय, ते धुतल्याशिवाय कळणार नाही. तुझी आई परवा धुवायला काढत होती. मी तिला चांगलं खडसावलं. धुतल्याने औषध जातं, सांगितलंय ना पळीबाईंनी.

तुझा बाप